दोन उंदरांचे सुतक

“नाना, दोन उंदरांचं सुतक किती दिवस पाळणार आहात?”

गेल्या जून महिन्यात, पावसाने उघडीप दिलेल्या एका सकाळी, आमच्या बागेतल्या बाकावर सात-आठ म्हाताऱ्यांच्या देखत हा प्रश्न मला विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ माझे तीस वर्षांचे स्नेही आहेत. मनाने वाईट नाहीत. माझी पत्नी गेली तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी येऊन बसत होते. त्यांचा प्रश्न ऐकून बाकावरची मंडळी हसली. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

हा लेख त्या स्नेह्यांवर नाही, माझ्या त्या हसण्यावर आहे. पाच दिवसांपूर्वी ज्या जिवाला मी स्वतःच्या हाताने मातीत ठेवले, त्याला चारचौघांत ‘उंदीर’ म्हटलेले ऐकून मी हसलो. का, तर आपण बावळट दिसू नये म्हणून! आपल्या समाजात दुःख करायलाही परवाना लागतो आणि तो मेलेल्याच्या आकारमानावर मिळतो. बैल मेला तर शेतकऱ्याला रडायची मुभा आहे. कुत्रा मेला तर मध्यमवर्गीयाला हल्ली थोडीफार मिळू लागली आहे. त्याहून लहान काही मेले तर मात्र विनोद करायचा. हा हिशेब मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे मी आज चार पानांत सांगणार आहे.

चकलीच्या डब्याशेजारी ठेवायच्या अंकात मरणाचे गाऱ्हाणे कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो, की आपली दिवाळी वसुबारसेने सुरू होते. दिव्यांच्या या सणात पहिला मान आपण गाय आणि तिचे वासरू यांना देतो. तेव्हा जनावराचा विषय दिवाळीच्या घरात परका नाही.

आधी मेलेल्यांची ओळख करून देतो. त्यांची नावे गुंडी आणि काजी. त्या गिनीपिग जातीच्या दोन सख्ख्या बहिणी होत्या. आमच्या नातीच्या चौथ्या वाढदिवसाला चिरंजीवांनी त्या एका खोक्यातून आणल्या, आणि अशा भेटींचे जे होते तेच झाले. पंधरा दिवस नातीने सांभाळल्या, महिनाभर सुनेने सांभाळल्या आणि पुढे पाच वर्षे आमच्या सौभाग्यवतींनी सांभाळल्या. ती जन्मभर शिवणकाम करणारी बाई. एक जिथे जाईल तिथे दुसरी जाऊन अडकते, हे पाहून तिने एकीचे नाव गुंडी ठेवले आणि दुसरीचे काजी. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा शिवणयंत्राबरोबर या दोघीही माझ्या वाट्याला आल्या.

मी रेल्वेच्या पार्सल कचेरीत चौतीस वर्षे काढलेला माणूस. जनावरांशी माझा संबंध मालडब्यातून उतरणाऱ्या शेळ्यांपुरता. प्रथम मी त्यांना कर्तव्य म्हणून खायला घातले. मग सकाळी सहाला मी कोथिंबिरीच्या पिशवीला हात लावला, की पलीकडच्या खोलीतून दोन शिट्ट्या वाजू लागल्या. पिशवीच्या नुसत्या आवाजावरून त्या मला ओळखत. ज्या घरात सकाळी उठल्यावर ‘चहा ठेवू का?’ असे विचारणारे कोणी उरलेले नाही, त्या घरात आपल्या चाहुलीची कोणीतरी वाट पाहते ही गोष्ट किती मोठी असते, हे ज्याच्यावर वेळ आली नाही त्याला समजणार नाही.

गिनीपिग हा प्राणी डुक्कर नव्हे आणि गिनी देशाचाही नव्हे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला. पाच ते आठ वर्षे हे त्याचे साधारण आयुष्य. आमच्या दोघी सात वर्षांच्या, म्हणजे माझ्याच वयाच्या म्हणायच्या. तो कळपात राहणारा प्राणी आहे. एकटे राहणे त्याच्या स्वभावात नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली प्राणिरक्षणाचे नवे नियम झाले, त्यांत गिनीपिग एकटा ठेवायला मनाई आहे. एका देशाच्या सरकारला उंदराएवढ्या प्राण्याच्या एकटेपणासाठी नियम करावासा वाटला, हे आमच्या बाकावरच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

शेवटच्या वर्षी काजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. ती गुंडीच्या कुशीला नाक लावून चाले. गुंडी थांबली की थांबे, वळली की वळे. खाण्याच्या ताटलीपर्यंत, पाण्यापर्यंत आणि परत खोक्यातल्या अंधारापर्यंत तिला गुंडीच नेत असे. कोथिंबिरीची एकच काडी दोघी दोन टोकांनी खात येत आणि मध्ये नाकाला नाक लागले, की गुंडी तोंडातली काडी सोडून देई. ढोबळी मिरचीच्या बाबतीत मात्र तिने असले औदार्य कधी दाखवले नाही. मी हे वाढवून सांगत नाही. दोन वर्षे रोज पाहिले ते सांगतो.

मे महिन्याच्या अखेरीस एका पहाटे गुंडी निपचित पडलेली सापडली. आदल्या रात्री तिने नेहमीसारखे खाल्ले होते. दुखण्याचे एक चिन्ह नव्हते. निदान मला दिसले नव्हते. पुढे कळले, की या प्राण्याला रानात सगळेच खायला टपलेले, म्हणून दुखणे लपवणे हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. आपल्याला जे अचानक वाटते, ते त्याच्या बाजूने अनेकदा अचानक नसते. काजी तिला टेकून बसली होती. मी काय करावे? मी घाबरलो, आणि घाबरलेला मनुष्य जे करतो तेच केले. घाईघाईने गुंडीला फडक्यात गुंडाळून उचलले आणि खाली नेऊन शेवग्याच्या मुळाशी पुरले. आंधळ्या काजीला काय झाले हे समजायला मी पाच मिनिटेही दिली नाहीत. जोडीतला एक गेला, तर दुसऱ्याला काही वेळ त्याच्याजवळ असू द्यावे, त्याला हुंगू द्यावे, असे हा प्राणी पाळणारे जाणते लोक सांगतात. मला तेव्हा ते ठाऊक नव्हते.

तीन दिवस काजी खोक्याच्या तोंडाशी उभी राहून शीळ घालत होती. खाण्यासाठी घालतात ती ही शीळ नव्हे. ती निराळी, बारीक आणि तुटक होती. मी म्हटले, दुःख आहे, ओसरेल. मी तिला कोथिंबीर हातात धरून दिली. तिने एक पान घेतले आणि तोंडातच ठेवले. इथे माझी दुसरी चूक झाली. गिनीपिगचे पोट सतत चालू राहावे लागते. त्याने एक दिवस खाणे सोडले, तर आतडी मंदावतात आणि मग शोक व रोग यांत फरक उरत नाही. चौथ्या दिवशी मी तिला टोपलीत घेऊन डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या दवाखान्यात ‘आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो’ असे उत्तर मिळाले, आणि वर सल्ला मिळाला, ‘आजोबा, नवीन जोडी घ्या, स्वस्त पडेल.’ दुसरे डॉक्टर दोन स्टेशने पुढे होते. त्यांनी तिला प्रेमाने तपासले, पिचकारीने भरवायला शिकवले आणि शेवटी हळूच म्हणाले, “पहिल्याच दिवशी आणायला हवी होती.” पाचव्या दिवशी पहाटे काजी माझ्या मांडीवर गेली.

एवढीच हकीकत. आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप बाजारपेठेतला आहे. ‘दुसरी आणा.’ दवाखान्यात, बाकावर आणि घरात, मिळून अकरा जणांनी मला हे सांगितले. या वाक्यावर बोलण्याचा मला अधिकार आहे, कारण चौतीस वर्षे मी नुकसानभरपाईचे अर्ज पाहिले. पार्सल हरवले, की मालकाला मालाची किंमत मिळते आणि प्रकरण मिटते. जगाचा व्यवहार यावरच चालतो आणि चालावा. परंतु चौतीस वर्षांत मी अशीही माणसे पाहिली, की ज्यांनी भरपाईची रक्कम खिडकीवर मोजून घेतली आणि तरीही निघताना विचारले, ‘पण सापडली तर कळवाल ना?’ त्या ट्रंकेत काय होते ते त्यांनी अर्जात लिहिलेले नसे. पुष्कळशा गोष्टींची किंमत देता येते, बदली देता येत नाही, हे त्या खिडकीवरच्या कारकुनालाही कळे. मग ते शिकलेल्या डॉक्टरांना का कळू नये? दुसरी जोडी आणता येते. पण पिशवीच्या आवाजावर शीळ घालायला ती जोडी या घरात दोन वर्षे राहावी लागते. ती दोन वर्षे कोणत्या दुकानात मिळतात?

इथे एक भेद मात्र सांगतो, नाहीतर माझे बोलणे उलटे घेतले जाईल. जोडीतला एक मागे उरला असेल, तर त्याच्यासाठी सोबत आणावी की नाही याचा विचार जरूर करावा आणि लौकर करावा. ती मेलेल्याची बदली नव्हे, जिवंत असलेल्याची गरज आहे. ‘मला चैन पडत नाही म्हणून दुसरे आणा’ आणि ‘याला एकटे राहवत नाही म्हणून सोबत आणा’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काजीसाठी मला हे दुसरे वाक्य वेळेवर सुचले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे, आणि म्हणून अधिक त्रासदायक. तो करणारे लोक मानसशास्त्र वाचलेले असतात. आवाज खाली आणून ते म्हणतात, “नाना, तुम्ही त्या प्राण्यांसाठी रडत नाही आहात. तुम्ही वहिनींसाठी रडता आहात.” हे ऐकणाऱ्याला मोठे खोल वाटते. मला ते सफाईने केलेले चोरीचे काम वाटते. माझ्या पत्नीसाठी मी दोन वर्षे रडलो आहे. त्यासाठी मला निमित्त लागत नाही. तिच्या हातचे त्या दोघींना लागलेले वळण मला आठवले, हे खरेच. नाही कसे म्हणू? परंतु जी पहाटे माझ्या मांडीवर गेली, ती काजी होती, माझ्या पत्नीची उपमा नव्हे. तिला वजन होते, ऊब होती आणि नाकावर पांढरा ठिपका होता. प्रत्येक लहान दुःखाला मोठ्या दुःखाचा शब्दालंकार करून टाकायचे, म्हणजे लहानाचा मान राखायला नको, ही सुशिक्षितांची युक्ती आहे. बाकावरच्या स्नेह्यांची थट्टा त्यापेक्षा प्रामाणिक.

तिसरा आक्षेप समाजहिताचा. ‘जगात माणसे उपाशी मरताहेत, आणि तुम्ही…’ हे वाक्य पुरे करण्याची कोणी तसदी घेत नाही, कारण ते अर्धेच अधिक जोरदार वाटते. मी विचारतो, मी काजीसाठी रडलो नसतो, तर ते पाणी कोणत्या उपाशी माणसाच्या ताटात पडणार होते? करुणा म्हणजे रॉकेलचा कोटा नव्हे, की एका घरी दिले तर दुसऱ्या घरी कमी पडेल. मला तर उलटाच अनुभव आहे. काजी आंधळी झाल्यावर मी पहिल्यांदा आमच्या इमारतीतल्या मोतीबिंदू झालेल्या आजींना जिना उतरताना हात दिला. त्याआधी चार वर्षे मी त्यांच्या शेजारून भराभर उतरत होतो. ज्या नामदेवांची गोष्ट आपण पोरांना सांगतो, ते पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. ज्या एकनाथांची सांगतो, त्यांनी काशीहून आणलेले गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले. त्यांना ‘आधी माणसांचे बघा’ असे सांगायला आमच्या बाकावरची मंडळी तिथे नव्हती, हे गाढवाचे भाग्य!

चौथा आक्षेप आमच्या चिरंजीवांचा. त्यांनी कुठेतरी वाचले आहे, की पेरू देशात गिनीपिग भाजून खातात. खातात, खरेच. तिथल्या कुस्को शहरातल्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचे एक अठराव्या शतकातले चित्र आहे. त्यातल्या ताटात हाच प्राणी आहे, असे सांगतात. पण त्यातून सिद्ध काय होते? आपल्याकडे बोकड खातात, आणि त्याच घरातले पोर आपल्या लाडक्या बोकडासाठी दोन दिवस जेवत नाही. ते पोर मूर्ख नसते आणि खाणारेही राक्षस नसतात. अनोळखी बोकड आणि ओळखीचा बोकड हे दोन निराळे बोकड आहेत, एवढेच त्या पोराला कळलेले असते. दुःख जातीचे होत नाही, ओळखीचे होते. माणसांच्या बाबतीतही आपण याहून निराळे कुठे वागतो?

आक्षेपांना उत्तरे दिली. आता माझा उलट आरोप ऐका, कारण नुसता बचाव करून थांबण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही.

‘जनतेचा गिनीपिग करू नका’ असे वाक्य आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या वाक्यात माणसाची कीव आहे. ज्याचे नाव वापरले त्याची कोणालाच नाही. फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८० नंतरच्या वर्षांत शरीरातली उष्णता मोजली, ती बर्फाच्या भांड्यात गिनीपिग बसवून. जर्मनीच्या कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, त्यामागेही हेच प्राणी होते. माणसासारखेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून १९०७ साली नॉर्वेतल्या दोघा शास्त्रज्ञांना स्कर्व्ही रोगाचा उलगडा याच प्राण्यावर करता आला.

परंतु इतके दूर जायला नको. परळला चला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्या नावाची संस्था परळला आजही उभी आहे. परंतु प्लेग माणसापर्यंत पोचतो कसा, हे तेव्हा कोणालाच धड ठाऊक नव्हते. घरे धुतली, कौले काढली, लोकांच्या चुली आणि देव्हारे उसकटले, तरी रोग हटेना. १९०५ च्या सुमारास लिस्टन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्यामागून प्लेग आयोगाने मुंबईत काय केले? प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले. उंदीर मेल्यावर उपाशी पिसवा या प्राण्यांच्या अंगावर येत. काही गिनीपिग पिंजऱ्यात घालून जमिनीपासून दोन इंचांवर टांगले आणि काही दोन फुटांवर. दोन इंचांवरचे मेले, दोन फुटांवरचे वाचले, कारण पिसूची उडी तेवढी पोचत नाही. प्लेग हवेतून वा भिंतीतून नव्हे, तर उंदराच्या पिसवेतून पसरतो, हे अशा प्रयोगांतून पक्के झाले.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचे पणजोबा त्या वर्षांत गिरणगावात किंवा पुण्याच्या पेठांत जगले-वाचले, त्यांच्यावर त्या दोन इंचांवर टांगलेल्या जिवांचे थोडे ऋण आहे. प्रयोग करू नयेत, असे मी म्हणत नाही. प्लेगात पोळलेल्या शहराचा मी वंशज आहे. मला तसे म्हणण्याचा अधिकार नाही. पण ज्या प्राण्याच्या मरणावर आपण जगलो, त्याच्या मरणावर निदान हसू तरी नये. याला भूतदया म्हणत नाहीत. साधी हिशेबाची सचोटी म्हणतात.

दुसरा आरोप माझ्याच घरावर आहे. आम्ही हे प्राणी खेळणे म्हणून आणले. कोणी विचारले नाही, की यांना काय लागते, किती वर्षे जगतात, आजारी पडल्यावर यांना पाहणारा डॉक्टर कोठे आहे. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ मध्ये नियमही झाले. कागद आपल्याकडे कमी पडत नाहीत. कमी पडते ती वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळची पाच मिनिटांची विचारपूस. तेव्हा यंदाच्या पाडव्याला वा भाऊबीजेला पोराच्या हातात जिवंत ओवाळणी ठेवायचा ज्यांचा बेत असेल, त्यांनी आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याकडे पाहावे. त्या काट्यावर दर आठवड्याला हा प्राणी तोलावा लागतो, कारण तो बोलत नाही, त्याचे घटलेले वजनच बोलते. मी काट्यावर रवा तोलत राहिलो, त्यांना तोलले नाही.

तिसरा आरोप सर्वांत जड आहे. नात तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे होती. चिरंजीवांनी तिला फोनवर सांगितले, की गुंडी आणि काजी यांना कर्जतकडच्या एका शेतावर पाठवले, तिथे त्यांना खूप गवत आहे. मी शेजारी बसलो होतो. मी काही बोललो नाही. पोर अकरा वर्षांची. परत आल्यावर दोन दिवस ती शेताबद्दल अवाक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली सोसायटीची सूचना लागली, ‘आवारात मृत प्राणी पुरू नयेत.’ ती वाचून ती वर आली, माझ्याजवळ बसली आणि तिने विचारले,

“आजोबा, आजीला काही त्रास झाला नाही, झोपेत गेली, असं तुम्ही सांगितलं होतं. ते तरी खरं होतं ना?”

मला उत्तर देता आले नाही, कारण ते पूर्ण खरे नव्हते.

मुलांना मरण सोसत नाही म्हणून आपण खोटे बोलतो, असे आपण समजतो. वस्तुतः त्यांचे रडणे आपल्याला सोसत नाही म्हणून आपण खोटे बोलतो. एका कल्पित शेताच्या पायी आम्ही पोरीच्या आजीचे मरणही संशयात टाकले. त्या संध्याकाळी मी तिला सगळे सांगितले. आधी आजीचे, मग गुंडीचे, मग काजीचे, माझ्या चुकांसकट. ती रडली, मीही रडलो. मग तिने विचारले, “काजीला तुम्ही मांडीवर घेतलं होतं?” मी हो म्हटले. “मग बरं,” ती म्हणाली. एवढ्या खऱ्याने तिचे भागले. शेताने भागले नव्हते.

या साऱ्या प्रकरणात माझे सांत्वन एकाच व्यक्तीने केले, ती आमची भाजीवाली. दोन वर्षे मी तिच्याकडून रोज एक जुडी कोथिंबीर जास्त घेत होतो आणि ती गाजराचा पाला बाजूला काढून ठेवीत होती. काजी गेली त्या दिवशी सवयीने मी दोन जुड्या मागितल्या आणि मग एक परत ठेवली. तिने वर पाहिले.

“गेली का काय बाबा?”

“दोन्ही.”

ती काही वेळ काही बोलली नाही. पुढे गिऱ्हाईक उभे होते, त्याला तिने हातानेच थांबवले. “आंधळी ती मागून गेली ना?” तिने विचारले. मी मान हलवली. “जोडीची होती,” ती म्हणाली आणि परत ठेवलेली जुडी तिने माझ्या पिशवीत घातली. “असू द्या आज. सवय एकदम मोडू नये.”

तिने मला दुसरी आणायला सांगितले नाही. माझ्या रडण्याचा अर्थ सांगितला नाही. जगातल्या उपाशी माणसांची आठवण दिली नाही, आणि त्यांच्याविषयी तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तिने फक्त विचारले, की कोण आधी गेले आणि कोण मागून. सांत्वनाचे सगळे शास्त्र एवढेच आहे.

म्हणून, मंडळी, माझे मागणे फार नाही. सुतक पाळा, स्मारके उभारा, असे मी सांगत नाही. पण या दिवाळीत किंवा पुढच्या पावसाळ्यात तुमच्या घरातले पोर, नाहीतर शेजारचा एखादा म्हातारा, बुटांचा खोका हातात घेऊन दाराशी येईल. खोक्यात चिमणी असेल, कासव असेल, ससा असेल. तेव्हा हसू नका. दुकानाचा पत्ता देऊ नका. शेताची गोष्ट सांगू नका. त्याला आत घ्या, बसवा, आणि विचारा, “नाव काय होतं रे त्याचं?”

आमच्या बाकावर मी परवा पुन्हा गेलो होतो. स्नेह्यांनी जागा करून दिली. मी बसलो आणि कोणी विचारले नव्हते तरी सांगितले, “उंदीर नव्हेत. गुंडी आणि काजी.” या वेळी मी हसलो नाही.